तक्त्यात नसलेली मामी

बाबुराव कर्णिक सोळा वर्षांत ठाकूरद्वारच्या या चाळीचे जिने एकंदर तीनदा चढले होते आणि तिन्ही वेळा चहा निवायच्या आत उतरले होते. त्या रविवारी मात्र ते धोतराचा सोगा हातात धरून, थोरल्या बहिणीला पुढं घालून, तिसऱ्या माळ्यावर अशा थाटात पोचले की मुक्कामालाच आले असावेत. पद्मजाच्या लग्नाच्या याद्या करायच्या होत्या, आणि पद्मजा कर्णिकांची मुलगी होती.

'कर्णिकांची!' कौसल्येनं मनातल्या मनात नाक मुरडलं आणि तोंडानं म्हटलं, "या, या. जिना फार झाला ना?"

पद्मजा कर्णिकांची हे काही खोटं नव्हतं. बाबुरावांचा धाकटा भाऊ रमाकांत टायफॉइडनं गेला तेव्हा पद्मजा सहा वर्षांची होती. तिची आई दुर्गा तिला घेऊन आपल्या भावाकडे आली. भाऊ म्हणजे कौसल्येचे यजमान तात्या गुप्ते, फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क. तेव्हापासून पोरीचे गोवर, गणितं, वेण्या, रुसवे सगळं गुप्त्यांच्या या दोन खोल्यांत झालं. तात्या-कौसल्येला मूलबाळ नव्हतं. आता पोर बी. ए. होऊन वकिलीचं शिकत होती, वैशाखात लग्न होतं, आणि कौसल्येच्या डोक्यात गेले आठ दिवस एकच गोष्ट घोळत होती. कन्यादानाला कोण बसणार?

वडील नसले की त्यांच्या जागी एखादं जोडपं बसतं. पुरुष मुलीचा हात देतो आणि बायको झारीनं पाणी सोडते. दुर्गा विधवा, म्हणजे आई असून तिला तिथं जागा नव्हती. ती झारी कौसल्येला हवी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तात्यांनाही नाही. पण मागल्या बुधवारी घरात कुणी नसताना मोरीत बसून तिनं झारीची धार धरून पाहिली होती, आणि धार जाड पडते म्हणून स्वतःवरच चिडली होती. बेचाळीस वर्षांची बाई मोरीत बसून पाण्याची तालीम करते हे कुणी पाहिलं असतं तर चाळीला महिनाभर विषय पुरला असता.

मुलाकडून वसंताचे वडील नाना प्रधान एकटेच आले. भोईवाड्याला राहायचे, परळच्या शाळेत गणित शिकवायचे. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अठरा दिवस तुरुंगात काढून आल्यापासून त्यांना कशाचीच घाई वाटत नसे. त्यांनी चपला काढल्या, जाजमावर बैठक मारली आणि सुपारी काढली. "वैशाखात म्हणजे नव्या राज्यातलं लग्न हो!" ते म्हणाले. "इतकी वर्षं ओरडून घसा बसवला, आता मंगलाष्टकांना आवाज उरला म्हणजे मिळवली."

"पद्मे, ही कुणाची कुंडली टांगलीस भिंतीवर?" कमळाबाईंनी टेकायच्या आधीच विचारलं. त्या बाबुरावांच्या आणि रमाकांताच्या अक्का, म्हणजे पद्मजाची आत्या. त्यांच्या नजरेतून नवीन पाट, नवीन पातेलं किंवा नवीन पाहुणा सुटत नसे.

"कुंडली नाही आत्या. रोमन लोकांच्या नात्यांचा तक्ता आहे. रोमन कायद्याच्या पेपराला येतो. वारसा कुणाचा, पोरक्या मुलाचा पालक कोण, सगळं यावरून ठरायचं."

"पालक कोण व्हायचा?" नानांनी विचारलं. मास्तरच ते, प्रश्न अर्धा सोडायची सवय नव्हती.

पद्मजानं मामाकडे पाहिलं, मग काकांकडे. "आधी बापाकडचे लोक. म्हणजे काका."

"बघा!" बाबुरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणूनच एवढं राज्य केलं त्यांनी."

तात्यांनीही मान डोलावली. कौसल्येला नवऱ्याची ती मान मुळीच आवडली नाही.

"आणि काकाला म्हणायचे काय?" बाबुराव आता रंगात आले होते.

"पाट्रुउस. मामाला अवंक्युलस, म्हणजे धाकटे आजोबा. त्यांच्यातही आपल्यासारखे दोन वेगळे शब्द होते. पुढं अवंक्युलसचा झिजत झिजत इंग्रजीत अंकल झाला."

"आणि माझा तो... पाट्रु?"

"तो इंग्रजीत उतरलाच नाही, काका. मधेच बुडाला."

बाबुरावांचा चेहरा पडला. "म्हणजे साहेबाचा पोरगा काकाला हाक मारतो ती मामाची?"

नाना इतके हसले की सुपारीचं खांड घशात गेलं. तात्या हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांच्या बाबतीत तेच हसणं. "संस्कृतात पितृव्य आहे ना, बाबुराव," त्यांनी समजूत घातली. "त्या पाट्रुउसचा सख्खा भाऊ. अजून चालतो. तर्पणात घेतात."

"म्हणजे मेल्यावर!" बाबुराव म्हणाले.

"माझं सांग गं," कमळाबाई पुढं सरकल्या.

"आत्याला अमिता. त्याचाच ऑन्ट झाला. मावशीलाही वेगळा शब्द होता, मातेर्तेरा, पण तो गेला. राहिला तो आत्याचा."

"अगं बाई! अमिता तर आपल्याकडेही ठेवतात मुलींचं नाव." कमळाबाईंनी पदर सारखा केला. विलायतेतल्या यच्चयावत मावश्या आणि काकवा आपल्या पदरात आल्यासारख्या त्या बसल्या. "बाबू, ऐकलंस ना? तू बुडालास, मी टिकले."

आतल्या दारात उभी असलेली दुर्गा हळूच म्हणाली, "नणंदेला आहे का काही?"

"आहे ना, आई. ग्लॉस. तक्त्यात नाही, पण शब्द आहे. आणि आईला माटेर. मातृ, माटेर, मदर, सगळं एका घरातलं."

सगळ्यांना आपापला शब्द मिळाला. जत्रेत ज्याला त्याला आपलं खेळणं मिळावं तसे सगळे खूश होते. कौसल्या तेव्हा खाजाचे कानवले घेऊन फिरत होती. तिनं नानांच्या बशीत दोन ठेवले आणि सहज, अगदी सहज विचारलं, "आणि मामीला काय गं?"

पद्मजाचं बोट तक्त्यावर फिरलं. मामापाशी आलं, थांबलं, इकडे तिकडे गेलं. तिला उत्तर आधीच ठाऊक होतं हे कौसल्येला कळलं, कारण पोरगी खोटंखोटं शोधायला लागली की तिचे ओठ आत जात. लहानपणापासूनच.

"मामीला... वेगळा शब्द नाही," पद्मजा म्हणाली. "मामाची बायको, एवढंच. तक्त्यात फक्त रक्ताची माणसं असतात."

"असू दे की," कौसल्या हसून म्हणाली. "मला कुठं रोमला जायचंय?" आणि ती बशी घेऊन आत गेली.

आत जाऊन तिनं स्टोव्हला पंप मारला. स्टोव्हवर काही नव्हतं. दुर्गा मागून आली, तिनं स्टोव्ह बंद केला आणि चहाची भांडी मांडायला लागली. नणंद-भावजयीची सोळा वर्षं एका ओट्यापाशी गेली होती, भांडण असं कधी झालं नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. रमाकांत गेल्यावर पहिली दोन वर्षं दुर्गा भिंतीकडे तोंड करून बसायची. जेव म्हटलं तर जेवायची, मुलीनं मांडीवर डोकं ठेवलं तर तिला भान नसायचं. त्या दोन वर्षांत पोरगी मामीची झाली. पुढं दुर्गा उठली, कामाला लागली, पण शाळेतून आल्यावर दारातून हाक यायची ती "मामी" अशीच. दर हाकेला दुर्गेच्या मनात काहीतरी टोचत असणार, अशी कौसल्येची खात्री होती. आपण तिची मुलगी घेतली, असं तिला स्वतःलाच वाटायचं. वाटायचं आणि तरी हाकेला ओ द्यायला तीच पुढं धावायची.

बाहेर याद्यांना सुरुवात झाली. तात्यांच्या घरात याद्या म्हणजे कचेरीचं कामकाज. पद्मजानं पेन्सिलीनं कच्चा कागद लिहायचा, तात्यांनी शाईनं फेअर कॉपी करायची, मग दोन्ही ताडून पाहायच्या आणि शेवटी कुंकवाचं बोट लावायचं. कुंकू लागलं की विषय संपला. करवली कोण, नवऱ्या मुलाचा कान कोण पिळणार, कुणाला कुठला मान, विहिणीला पैठणी की शालू, असं एकेक ठरत गेलं. कान पिळायला बाबुरावांचा मुलगा, करवली त्यांची धाकटी. कौसल्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

"आता कन्यादान," तात्या म्हणाले.

बाबुरावांनी घसा साफ केला. "ते आम्हीच की. मी आणि ललिता. तिचे गुडघे धरलेत, म्हणून आज आली नाही, पण पाट जरा उंच घेतला की बसेल. रमाकांताच्या जागी मी नाही तर कोण?"

"रीत तीच," तात्या म्हणाले. "मामाची जागा मुलीच्या पाठीशी. ती माझी. मी तिला मांडवात आणीन, तुम्ही दान करा. लिही पद्मा."

कौसल्येला त्या क्षणी नवऱ्याचा मनस्वी राग आला. माणूस वाईट नव्हता. पोरीसाठी यानं सायंकाळचे क्लबातले पत्ते सोडले, नवीन कोट शिवला नाही, पावसाळी रात्री कंदील धरून तिच्या अभ्यासाला सोबत बसला. पण रीत समोर आली की याच्या डोक्याला कुलूप लागायचं, आणि कुलपाची किल्ली कुणाकडेच नसायची. मांडवात मामाला जागा आहे आणि काकाला आहे. आत्याला आणि करवलीलाही आहे. मामीनं काय करायचं? पंगतीत मीठ वाढायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला ती वळली, तर दुर्गा तिच्याकडेच बघत होती. कौसल्येनं घाईघाईनं म्हटलं, "कांदा." त्या घरात त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता.

फेअर कॉपी झाली. तात्यांनी चष्मा पुसला. "आता ताडून पाहू."

ही ताडून पाहायची पद्धत नानांनी पूर्वी पाहिलेली नव्हती, म्हणून तात्यांनी ती समजावून सांगितली. एकानं फेअर कॉपी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं कच्चा कागद हातात धरून ओळीगणिक 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. तीस वर्षांत कचेरीतून चुकीचा कागद बाहेर गेला नव्हता तो या 'हं'च्या जोरावर.

"मुहूर्त, वैशाख शुद्ध दशमी," तात्या वाचू लागले.

"हं," पद्मजा म्हणाली.

"कानपिळी, चिरंजीव अरविंद बाबुराव कर्णिक."

"हं."

"कन्यादान, श्री. बाबुराव व सौ. ललिता कर्णिक."

काहीच ऐकू आलं नाही. तात्यांनी पद्मजाकडे न बघता ओळ पुन्हा वाचली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जरा मोठ्यानं वाचली, समोरचा माणूस बहिरा असावा तशी. पद्मजा कागद घट्ट धरून बसली होती.

"कागदात आणि कच्च्यात फरक आहे का?" तात्यांनी विचारलं.

"नाही, मामा."

"मग हं म्हण."

"नाही म्हणता येत. कच्चंच चुकलंय."

तात्यांनी चष्मा काढला. नकलेतल्या चुका त्यांनी हजारांनी पकडल्या होत्या. कच्चंच चुकलंय असं त्यांच्यासमोर आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकल्यावर क्लार्कानं काय करायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

"आमच्या वेळी नवऱ्या मुलीला याद्यांच्या खोलीत बसूसुद्धा देत नसत," कमळाबाई म्हणाल्या.

"मी नकोय का तुला, पद्मजा?" बाबुरावांचा आवाज दुखावलेला होता. त्यात राग कमी आणि गोंधळ जास्त होता. "मी दादरहून इथवर आलो तो काय माझ्या हौसेसाठी? तुझ्या बापाला काय वाटेल?"

"तुम्ही हवे आहात, काका. पण..." पोरगी अडखळली. एवढी वकील व्हायला निघालेली, आणि स्वतःच्या बाजूनं तिला बोलता येईना. कौसल्येला वाटलं, बाहेर जावं आणि पोरीला म्हणावं, म्हणून टाक गं ते हं, माझ्यासाठी घरात तेढ नको. ती खरंच पुढं सरकली. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला.

"भाऊजी, मी बोलू का?"

दुर्गा. थोरल्या दिरांसमोर ती आजवर बोलली नव्हती. बाबुराव इतके चपापले की त्यांनी नुसती मान हलवली.

"हे गेले तेव्हा मी दोन वर्षं शुद्धीत नव्हते," दुर्गा म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं मुठीत धरला होता, पण आवाज हलत नव्हता. "माझी मुलगी काय खाते, कुठं निजते, मला ठाऊक नव्हतं. एकदा तिला ताप आला, एकवीस दिवस. मला ते पुढं शेजारणीनं सांगितलं. एकवीस दिवस वहिनींनी अंगावरचं लुगडं बदललं नाही, कारण पोर पदर सोडत नव्हती. मी त्याच खोलीत होते, भाऊजी. मला माहीत नव्हतं." ती थांबली. "मला वाटायचं, पुढं मी बरी झाल्यावर वहिनी मला मुलगी परत देतील आणि सारखं ऐकवतील. त्यांनी एकदाही ऐकवलं नाही. मग मीच कधी बोलले नाही, लाज वाटायची. कन्यादान दादा आणि वहिनींनीच करायचं. मी आई आहे, एवढं सांगायचा हक्क मला असेल."

सोळा वर्षं कौसल्या या बाईला घाबरत होती, आणि ही बाई सोळा वर्षं तिला घाबरत होती. एका ओट्यावर, एका स्टोव्हपाशी! तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

"बाबू," कमळाबाई म्हणाल्या, "दुर्गा खरं तेच बोलली. तेव्हा मी म्हटलं होतं, पोरीला दादरला आणू या. तू म्हणालास, सहा आपली आहेत, सातवी कुठं निजवू? चूक नव्हतं तुझं. पण मग आता पाट उंच करून मागू नकोस."

अक्कानं पारडं असं बदललेलं पाहून बाबुरावांनी जाजमाची दुमडलेली किनार सरळ केली. मग म्हणाले, "मी तिच्या शाळेचं नावसुद्धा कधी विचारलं नाही, तात्या. काल घरी कुणी विचारलं तेव्हा सांगता येईना." त्यांनी नाक शिंकरलं. "तुम्ही दान करा. पण मग मामाची जागा रिकामी पडते. पोरीच्या पाठीशी कुणीतरी नको का? ती मला द्या. तेवढं चालेल का, पद्मजा?"

पद्मजा उठली आणि काकांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढायचं त्यांना सुचेना.

"रीतीत..." तात्या म्हणाले आणि स्वतःच थांबले. त्यांनी कौसल्येकडे पाहिलं. "तुला बसायचं होतं?"

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

तात्यांनी मान खाली घातली. मग सारी यादी नव्या कोऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली, कारण खोडलेला कागद त्यांच्या हातून बाहेर जाणं शक्य नव्हतं. तेवढ्यात नानांनी दोन कानवले संपवले. कन्यादानाच्या ओळीपाशी तात्यांनी आपलं आणि बायकोचं नाव घातलं, त्यापुढं 'पाणी सोडणे, सौ. कौसल्या' असंही लिहिलं, आणि सगळं वाचून दाखवलं. या वेळी प्रत्येक ओळीला पद्मजाचं हं आलं, आणि त्या ओळीला बाबुरावांचंही आलं.

कौसल्येनं कुंकवाचा करंडा आणला. बोट कुंकवात बुडवलं आणि ती तशीच उभी राहिली. जे हवं होतं ते समोर शाईनं लिहिलेलं होतं, आणि ते तिला पुरेना.

"आणखी एक लिहायचं राहिलं," ती म्हणाली. "पाणी मी एकटी सोडणार नाही. झारीला दुर्गेचा हात लागला पाहिजे."

"वहिनी!" दुर्गा घाबरून म्हणाली. "मांडवात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बसायला खुर्च्या देणार आहोत आपण. बसून म्हणतील काय ते."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मुलाकडचे ते. नानांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मुलीच्या आईचा हात लागला तर आमच्या मुलाचं वाईट कसं होईल, हे गणित मला तरी सुटत नाही," ते म्हणाले. "लिहा, तात्यासाहेब."

तात्यांनी कौसल्येच्या नावापुढं बारीक अक्षरात 'व दुर्गा' असं लिहिलं आणि कागद तिच्यापुढं धरला. कौसल्येनं तो नीट वाचला.

"असं नको," ती म्हणाली. "खोडा. दुर्गेचं नाव आधी लिहा. आई ती आहे."

दुर्गेनं तोंडाला पदर लावला. तात्यांनी लेखणी शाईत बुडवली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच फेअर कॉपीवर खाडाखोड केली.